तुम्ही विचारलंत म्हणून: परत वाचल्यावर मजा जात नाही का?

पुस्तकांचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास येतो, की लहानपणी वाचलेली ती जादूची पुस्तकं तुम्ही अजून परत परत वाचता, तर आता मजा येते का, की होती ती आठवणही खराब होते? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा स्वतःचंच एखादं लाडकं पुस्तक असतं आणि ते उघडायची धाकधूक असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मजा येते, पण माझं लक्ष आता भलतीकडेच जातं. लहानपणी मी कायम निघणाऱ्यांच्या टोळीत, कोणी खिडकीतून उडालं, कपाटातून पलीकडे गेलं, सशाच्या बिळात पडलं की मी मागोमाग. आता ते सगळे निघून जातात आणि मी मागे राहिलेल्यांकडे बघत बसते. आणि ही मागे राहिलेली माणसं पुस्तकात आधीपासूनच असतात हो, पानंच्या पानं असतात, दहाव्या वर्षी ती कोण वाचतंय.

पीटर पॅन घ्या, कधीच मोठा न होणाऱ्या मुलाची गोष्ट. नाटक १९०४चं, लेखक बॅरीने त्याची कादंबरी केली १९११मध्ये. वेंडी आणि तिचे भाऊ पीटरबरोबर उडून गेल्यावर घरी काय चाललंय यावर त्याने अख्खं प्रकरण लिहिलंय आणि ते भन्नाट आहे. त्या रात्री बाबांनी, म्हणजे मिस्टर डार्लिंगनी, मुलांना सांभाळणाऱ्या नाना कुत्रीला अंगणात बांधून ठेवलेलं असतं, त्याचं प्रायश्चित्त म्हणून ते स्वतः तिच्या खोपट्यात राहायला जातात, आणि नुसते राहत नाहीत तर रोज सकाळी त्या खोपट्यासकट गाडीत बसून ऑफिसला जातात! लहानपणी हा निव्वळ येडपटपणा वाटला होता. आता कळतं की बॅरी त्यांना चिमटे काढतोय, कारण लोक कौतुक करायला लागतात, गर्दी जमते, आणि बघता बघता तो पश्चात्ताप चांगलाच सुखाचा होऊन बसतो. आई असलं काही करत नाही, ती फक्त खिडकी उघडी ठेवते. आणि पीटर काय करतो, तर मुलांच्या आधी पोचून तीच खिडकी आतून लावून घेतो, वेंडीला वाटावं की आईला आता आपण नकोत म्हणून. मग त्याला आईच्या डोळ्यातलं पाणी दिसतं, तो चिडतो, धुसफुसतो आणि शेवटी उघडतो.

शेवटच्या प्रकरणात (शेवट सांगतेय, शंभर वर्षांच्या पुस्तकाला काय स्पॉयलर) तो वेंडीकडे परत येतो तेव्हा त्याचा शत्रू चाचा कॅप्टन हुक कोण हेच त्याला आठवत नाही. त्याची परी टिंकर बेलसुद्धा नाही. आणि मिसेस डार्लिंग वारल्या आणि विसरल्याही गेल्या हे बॅरी जाता जाता एका वाक्यात सांगून पुढे सरकतो. मला दर वेळी तिथे पुस्तक खाली ठेवावं लागतं. कायम लहान राहायचं तर कोणाची आठवण ठेवून चालत नाही असा तो सगळा हिशोब आहे, आणि मी मेली पीटरचा हेवा करत होते.

ॲलिसचा शेवट परत बघा, १८६५चं पुस्तक. ॲलिस स्वप्न सांगून चहाला पळते आणि शेवटची पानं सगळी ताईची. ती काठावर एकटी बसून तेच स्वप्न अर्धवट बघते आणि तिला माहीत असतं की डोळे उघडले की संपलं. त्याआधीचा खटलाही आता जास्त हसवतो, राणीला आधी शिक्षा हवी, निकाल नंतर, अशा मीटिंगा मी पाहिल्यात.

सगळंच टिकतं असं नाही. ओझच्या जादूगाराच्या पुस्तकाची कल्पना अजून आवडते, ते पाचूचं शहर पुस्तकात हिरवं दिसतं कारण आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यावर हिरवा चष्मा कुलूप लावून बसवतात, पण लिखाण मला सपाट वाटायला लागलंय. 'द हॉबिट'चं उलट झालं. १९३७च्या पहिल्या आवृत्तीत अंधाऱ्या गुहेतला गॉलम नावाचा प्राणी नायक बिल्बोशी कोड्यांच्या खेळात जादूची अंगठी पैजेवर लावतो, हरतो, ती सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो, चक्क सभ्य माणूस! टोल्किनने ते १९५१मध्ये बदललं. अदृश्य बिल्बो हातात तलवार घेऊन उभा आहे, गॉलमने वाट अडवलीय, आणि त्याला एकदम ते अंधारातलं, थंडगार, एकट्याचं जगणं दिसतं आणि तो न मारता वरून उडी घेऊन जातो, हा सगळा भाग त्या बदलातून आलेला. म्हणजे पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता परिच्छेद सुरुवातीला नव्हताच.

आणि नार्निया. इथे मी भांडते. लेखक सी. एस. लुईसने १९५०च्या पहिल्या पुस्तकाची अर्पणपत्रिका धर्मकन्येला लिहिलीय, की तू आत्ताच परीकथांसाठी मोठी झालीयस आणि हे छापून होईतो अजून मोठी होशील, पण एक दिवस परीकथा परत वाचण्याइतकी मोठी होशील. किती गोड. आणि हाच माणूस १९५६मध्ये शेवटच्या भागात नार्नियात गेलेल्या चार भावंडांतल्या सुझनला दाराबाहेर ठेवतो, का, तर तिला लिपस्टिक आणि पार्ट्यांची आमंत्रणं आवडायला लागली! आईबाबा आणि भावंडं सगळी रेल्वे अपघातात जातात, इकडे ते नव्या नार्नियात आनंदात, आणि तिकडे एकटी जिवंत राहिलेली सुझन, जिच्याकडे पुस्तक परत वळूनही बघत नाही. अर्पणपत्रिकेतला लुईस मला जास्त शहाणा वाटतो.

म्हणून कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी अर्सुला ले ग्विनची अर्थसी ही पुस्तकमाला सुचवते, कारण तिथे लेखिका स्वतःच परत गेलीय. तिसरा भाग १९७२चा आणि चौथा, 'टेहानू', थेट १९९०चा. त्यात मालिकेचा नायक, जादूगार गेड, ड्रॅगनच्या पाठीवरून परत येतो तो सगळी जादू गमावून, आणि दुसऱ्या भागातली छोटी पुजारीण टेनार आता मध्यमवयीन विधवा आहे, शेत सांभाळते, भाजलेल्या एका पोरीला वाढवते, आणि गोष्ट तिची आहे. पहिले तीन वाचून लगेच चौथा घेऊ नका मात्र, मध्ये काही वर्षं जाऊ द्या.