दोन शिट्ट्या आणि अर्धवट राहिलेली तुलना

गिटारच्या ॲनलॉग डिलेच्या, म्हणजे सूर थोड्या उशिराने पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलच्या, पुढे दोन रिव्हर्ब, म्हणजे सुराला घुमारा देणारी पेडल्स, बॉसचा आरव्ही-6 आणि मित्राकडून महिनाभरासाठी आणलेला स्ट्रायमनचा बिगस्काय, आळीपाळीने लावून पाहीन, असे मागच्या नोंदीत लिहिले होते. ती तुलना अर्ध्यावरच अडली आहे, कारण गेले तीन आठवडे मी एका शिट्टीच्या मागे लागलो आहे. व्हॉल्यूम पेडलने सूर हळूच वर आणावा, डिलेचा टाइम 300 मिलिसेकंदांवर ठेवावा, रिव्हर्बची टेल, म्हणजे मागे विरत जाणारा घुमारा, लांबवावी, आणि सूर विरता विरता मागे डासासारखी किणकिण उरावी, असा प्रकार रोज चालला होता. शिमर, म्हणजे घुमाऱ्यात वरच्या सप्तकाचा सूर मिसळणारा रिव्हर्बचा प्रकार, लावला की तिला एक सप्तक वरची जोडीदारीणही मिळे.

पहिला संशय अर्थातच अडॅप्टरवर गेला. सगळी पेडल्स एकाच डेझी-चेनवर, म्हणजे एकाच अडॅप्टरच्या फाटे फुटलेल्या वायरवर, होती आणि डिजिटल रिव्हर्बच्या प्रोसेसरचा आवाज सामाईक ग्राउंडमधून डिलेत शिरतो, हे आपण सगळेच जाणतो. तरीही प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणाऱ्या आयसोलेटेड सप्लायचे पैसे वाचवण्याचा मोह कुणाला सुटलेला नाही. डिलेला 9 व्होल्टची बॅटरी लावली तेव्हा किणकिण निम्मी झाली, पण थांबली नाही, आणि इथेच माझा आठवडा वाया गेला. केबली बदलल्या, पेडल्स दुसऱ्या खोलीत नेली, ट्यूबलाइटसुद्धा बंद करून पाहिली.

शेवटी कंटाळून टाइमचा नॉब सावकाश फिरवला आणि शिट्टी नॉबबरोबर खाली उतरू लागली. म्हणजे शिट्ट्या दोन होत्या! बॅटरीने गेली ती एकाच पट्टीतली. उरलेली बकेट-ब्रिगेड चिपच्या क्लॉकची. ही चिप सूर एका टप्प्यातून दुसऱ्यात ढकलत उशीर घडवते, आणि त्या ढकलण्याचा ठेका क्लॉक देतो. 4096 टप्प्यांच्या एका चिपकडून 300 मिलिसेकंद काढायचे, तर टप्प्यांना क्लॉकच्या दुपटीने भागण्याच्या हिशेबाने क्लॉक सुमारे 6.8 किलोहर्ट्झवर येतो, म्हणजे थेट कानाला ऐकू येईल असा. चिपच्या दोन आउटपुटांची बेरीज करताना हा क्लॉक परस्पर खोडला जावा म्हणून आत एक बॅलन्स ट्रिमपॉट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा नॉब, असतो. पेडल उघडून, मूळ जागेवर मार्करने खूण करून, मी आधी नेमका बायसचा, म्हणजे चिपचा कामाचा व्होल्टेज ठरवणारा, ट्रिमपॉट फिरवला आणि डिलेचे रिपीट्स फाटू लागले. तो खुणेवर परत आणून शेजारचा फिरवला, तेव्हा पाव फेऱ्याच्या आतच शिट्टी इतकी दबली की मी केबल सुटली की काय म्हणून तपासले. त्या रात्री तासभर एकच ई स्ट्रिंग वाजवत बसलो.

आता आयसोलेटेड सप्लाय घेणारच आहे, कारण एकट्या बिगस्कायला 300 मिलिअँपिअर लागतात आणि माझ्या अडॅप्टरकडून त्यापुढे काही मागणे अन्यायाचे ठरेल. मात्र हे लिहीत असतानाच सुचले की डिले रिव्हर्बच्या आधीच हवा, हा हट्ट तरी कशाला? रिव्हर्ब आधी ठेवला, तर डिलेची उरलीसुरली कुरकुर पसरणार नाही आणि बिगस्कायच्या क्लाउड नावाच्या रिव्हर्बचे अख्खे ढगच पायरीपायरीने परत येतील. आत्ताच केबली बदलून पाहिले: आरव्ही-6 या क्रमात अपेक्षेपेक्षा मोकळा वाजतो, बिगस्काय मात्र 300 मिलिसेकंदांवर गिचमिड करतो आणि टाइम थोडा कमी केला की सावरतो. बिगस्काय रविवारी मित्राला परत द्यायचा आहे, तेव्हा दोघांचेही रेकॉर्डिंग आता याच उलट्या क्रमाने करीन.