उचल आणि दुसरं सत्र

ऊसतोड कामगारांच्या मुलांनी शिकावं, असं सगळेच म्हणतात. पण मुलाच्या शाळेचं वेळापत्रक आणि त्याच्या आईबापाच्या कर्जाचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडून फारसं कुणी बघत नाही. ते मांडलं, की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यात आजोबांचा कोयता नातवाच्या हातात का येतो, ते कळतं.

आधी उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पेरणी, लग्न, दवाखाना, पैशाची नड पावसाळ्यात येते आणि मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, तेव्हाच उचल देतो. समजा एका कोयत्याने 1 लाख रुपये घेतले. जानेवारी 2024 मध्ये ठरलेल्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला साधारण 366 रुपये झाला. म्हणजे लाख फेडायला 273 टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडीत भरायचा. दिवसाला दोन टन धरले तर 137 दिवस लागतात, तेही एक खाडा न पडता. 2024-25 चा हंगाम राज्यात सरासरी 100 दिवसही चालला नाही. 100 दिवसांचे 200 टन, त्याचे 73,200 रुपये. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा अंगावर 26,800 बाकी. आठवड्याच्या खर्चाला मिळणारी खर्ची याच हिशोबातून कापली जाते, ती वेगळीच. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून किराणा भागतो, उचल फिटत नाही.

ही तूट भरून काढायला घरात एकच माणूस शिल्लक असतो, पोर. दहा वर्षांची मुलगी खोपीत धाकट्याला सांभाळते, म्हणून आई पहाटे फडात जाऊ शकते. बारा-तेराचा मुलगा पाचट बाजूला करतो, मोळ्या वाहतो. चौदा-पंधराव्या वर्षी तो अर्धा कोयता होतो आणि त्याच्या नावावर उचल मिळू लागते. त्याचं लग्न झालं की कोयता पूर्ण होतो, उचल दुप्पट. या भागात बालविवाह का थांबत नाहीत, याचं मोठं कारण या हिशोबात आहे. नुसत्या प्रबोधनाने तो मिटणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शाळेकडे बघा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. याच काळात, शाळेच्या दुसऱ्या सत्राच्या आगेमागे, काय काय येतं? एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची आठवीतली परीक्षा सहसा डिसेंबरात होते. ही शिष्यवृत्ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. तिचे अर्ज शाळा दिवाळीच्या आगेमागे भरते. नवोदयची प्रवेशपरीक्षा हिवाळ्यात, राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत, दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. नवोदयला तर पाचवीचं पूर्ण वर्ष त्याच जिल्ह्यात शिकलेलं असावं लागतं. सांगली-कोल्हापूरच्या फडावरच्या शाळेत चार महिने नीट बसलेलं पोर तिथेच बाद होतं. गरिबाच्या मुलाला वर चढायला आपण ज्या शिड्या ठेवल्या, त्या नेमक्या गाळपाच्या महिन्यांत लावल्या आहेत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने 2018 मध्ये अंदाज मांडला होता, की तळातल्या कुटुंबाला सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला भारतात सात पिढ्या लागतील. त्यातल्या काही पिढ्या अशा खर्ची पडतात.

उपाय कागदावर आहेत आणि ते वाईट नाहीत. हंगामी वसतिगृह योजनेत मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं आणि दोन वेळचं जेवण त्याला शाळेतून मिळतं. यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी करून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. घोटाळा तारखांचा होतो. यादी ऑक्टोबरात झाली तर मंजुरी येईपर्यंत टोळी गेलेली असते, आणि पोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेलं असतं. शिवाय ही सोय आठवीपर्यंतच. पुढच्या इयत्तांतल्या मुलींना मागे ठेवायला आईबाप धजावत नाहीत, कारण रात्रीच्या सुरक्षेची हमी कुणी घेत नाही. 2021 च्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांसाठी प्रत्येकी 100 जागांची 82 वसतिगृहं मंजूर आहेत. गरजेच्या मानाने 8,200 जागा फारच थोड्या.

मूल सोबत न्यावंच लागलं, तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. ते दाखवलं की फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसता येतं. दाखला नाही म्हणून मुख्याध्यापक अडवू लागले, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगावं. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. परत आल्यावर तिथली हजेरी मूळ शाळेत नोंदवून घ्यावी. हे राहिलं की मूल शाळाबाह्यांत मोजलं जातं.

उचलीचंही तसंच. वजनाची पावती मुकादमाकडे जाते, कामगाराकडे आकडा उरत नाही. प्रत्येक खेपेच्या पावतीचा मोबाइलवर फोटो काढावा, खर्ची मिळाली त्याच दिवशी वहीत लिहावी. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नये.

आणि गावातल्या शिक्षकांनी वसतिगृहाची यादी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेतच करावी. तोवर मुकादम घरोघर फिरू लागलेले असतात, कोण जाणार हे गावाला ठाऊक असतं, आणि मंजुरीला दसऱ्यापर्यंत वेळ मिळतो.