खंडोबाच्या किड्याची शेवटची कात

मी पाळलेल्या खंडोबाच्या किड्यांपैकी (म्हणजे प्रार्थनाकीटक, मँटिस) मोठ्या मादीनं काल रात्री शेवटची कात टाकली. पंख सरळ वाळले, पुढच्या पंखांवरचे पांढरे ठिपकेही स्पष्ट उठलेत. शेजारच्या काकू रोज विचारत होत्या, "फुटले काय रे पंख तुझ्या खंडोबाला?" आज त्यांनाच आधी दाखवली.

ही हायरोड्युला जातीची. बेळगावकडच्या खानापूरजवळ शेताच्या कुंपणावर निरगुडीला चिकटलेल्या अंडपेटीतली, म्हणजे अंड्यांभोवती वाळलेल्या फेसाच्या गोळ्यातली. अंडपेटी आणताना एवढं बघा: कडेला बारीक गोल भोकं असतील तर सोडून द्या. पोडॅग्रियन नावाची चिमुकली गांधीलमाशी लांब नळी खुपसून त्या वाळल्या फेसात आपली अंडी घालते, आणि तिचीच पोरं ती भोकं पाडून बाहेर पडतात. खंडोबाची पिल्लं मधल्या पट्टीतून धाग्याला लोंबत निघतात.

कातेआधी मादीनं खाणं सोडलं, पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगल्या. मी लगेच पिंजऱ्यातले रातकिडे काढले, कारण त्या वेळी ती इतकी मऊ असते की रातकिडासुद्धा तिला कुरतडतो. छताच्या जाळीला उलटी टांगली, पाठीवर कातडी उकलली. आधी पाठ, मग डोकं, मग काटेरी पुढचे पाय सावकाश ओढून निघाले. बराच वेळ नुसती शेपटाकडून लोंबत राहिली. पाय घट्ट झाल्यावर वर वळून आपलीच रिकामी कात धरली, आणि चुरगळलेले पंख खाली उलगडत गेले. हे सगळं व्हायला उंची लागते: पिंजरा अंगाच्या तिप्पट उंच आणि छत खरखरीत हवंच. खानापूरच्या पावसात फवारा लागत नाही, उलट हवा खेळती ठेवावी लागते. अथणी-गोकाकच्या कोरड्या भागातल्यांनी मात्र रोज थोडं पाणी मारावं.

बाहेर शोधताना जागा बघितली की अंगाचा घाट कळतो. झुडपात ही हिरवी. झाडाच्या खोडावर हंबर्टिएला ही खंडोबाचीच दुसरी जात, चपटी, सालीच्याच रंगाची. माणूस दिसला की खोडामागं सरकते, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी जावं. राजहंसगडासारख्या गवताळ उतारांवर शायझोसेफाला ही तिसरी जात शोधा. ती इतकी लांब आणि बारीक की हलल्याशिवाय काडीच वाटते. पायांना पानासारखे पापुद्रे असलेली गोंगायलस मला अजून हवी आहे. कोरडा झुडपी माळ तिचा, त्यामुळे सौंदत्तीच्या बाजूला जायचंय.

आता नर हवा. रात्री दिव्यावर येतात ते बहुतेक नरच. उडताना वटवाघळाचा आवाज आला की झटकन खाली सूर मारतात. त्यासाठी छातीखाली, मागच्या पायांच्या मध्ये एकच कान असतो. ओळख सोपी: मिशा लांब, अंग सडपातळ, पोटाखाली आठ वळ्या, मादीला सहाच दिसतात. मादीला अजून दोन-तीन आठवडे देणार, पोटभर खाऊ घालणार, मगच नर सोडणार. बेळगाव-खानापुरात कुणाच्या दिव्यावर हिरवा नर आला तर कळवा, मी येऊन नेतो.