आमची वाटचाल: केस सरळ न करण्याचा धंदा

कुरळ्या केसांसाठी मलम, तेल आणि शॅम्पू एवढंच आम्ही बनवतो. केस सरळ करणारं काही विकायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. मागणी नेमकी त्याचीच असल्यामुळे ओळखीच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं.

कुरळ्या केसाचं मूळ टाळूतच वाकलेलं असतं आणि केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. टाळूचं तेल एवढी वळणं उतरून शेंड्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे टोकं कोरडी पडतात आणि केस वळणाशी तुटतो. सुका केस विंचरला की फुगणारच. तो ओला, निसरडा असतानाच शेंड्याकडून बोटांनी सोडवायचा.

यात आमचं स्वतःचं काही नाही, हे शहाणपण आफ्रिकी बायकांचं. चाडमधल्या बासारा बायका शेबेची, म्हणजे तिथल्या एका झुडपाच्या बियांची, भुकटी तेलात कालवून केसांच्या लांबीला लावतात, टाळूला नाही, आणि वेण्या घालून ठेवतात. केस त्यानं भराभर वाढत नाहीत. तुटत नाहीत म्हणून लांब राहतात. (जाहिरातवाले बरोबर उलटं सांगतात.) या केसांवरून कायदेही झाले. १७८६ साली अमेरिकेतल्या, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये स्पॅनिश गव्हर्नरनं स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) कृष्णवर्णीय स्त्रियांना केस रुमालाखाली झाकायला लावले, तर त्यांनी रुमालच असे झोकात बांधले की हुकमाचा पार बोऱ्या वाजला. वेण्या आणि लॉक्सवरून (जटांसारख्या वळलेल्या बटांवरून) नोकरीत, शाळेत अडवायला कॅलिफोर्नियात बंदी आली ती थेट २०१९ मध्ये.

कामात सगळ्यात नखरे शिया बटरचे. पश्चिम आफ्रिकेत बायका शियाच्या बिया उकळतात, वाळवतात, फोडून भाजतात, दळतात आणि पाणी घालून हातानं घुसळत लोणी काढतात. आमच्याकडे येतं ते पिवळसर, किंचित धुरकट वासाचं. वितळवून सावकाश निवू दिलं तर रवाळ होतं आणि डबी परत येते. म्हणून भांडं लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवायचं आणि घट्ट होईपर्यंत घोटत राहायचं. हात भरून येतात.

हे सगळं कुठून आलं ते आम्ही डबीवर छापतो. 'आफ्रिका' हा शब्द काढा, माल उचलतो, असं एका वितरकानं सुचवलं. शब्द राहिला, वितरक गेला. मग अ‍ॅनी मलोन आणि मॅडम वॉकर या केसांची उत्पादनं विकणाऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्या वाटेनं धंदा उभा केला, तीच धरली: बायकांना शिकवायचं आणि त्यांच्यामार्फत घरोघर जायचं. पहिल्या भेटीत आम्ही शिकवलेल्या मुली काही विकत नाहीत. अर्ध्या केसांचा गुंता सोडवून दाखवतात, उरलेला गिऱ्हाइकानं स्वतः सोडवायचा.