मुक्काम पोस्ट बैरा

परवा दुपारी मित्राकडे जेवायला गेलो होतो. हात धुऊन येता येता त्याच्या माशांच्या टाकीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर नजर गेली. 'नोथोब्रँकियस राकोवी, बैरा 98'. आत दीड-दोन इंचांचा नर. तांबड्या अंगावर निळ्या खवल्यांचे ठिपके, शेपटीला शेंदरी पट्टा आणि अगदी कडेला काळी किनार. मादी मात्र राखाडी, बिचारी.

"बैरा 98 काय रे?"

"मोझांबिकमधलं बैरा. 1998 साली तिथून आणलेल्यांचे हे वंशज."

मला हे फारच आवडलं. गाडीत शेजारच्याचं आडनाव कळलं की 'मूळचे कुठले?' विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. किलीवाले, म्हणजे हे असले किलीफिश पाळणारे, माझ्याच पंथातले निघाले. नुसतं राकोवी म्हणून भागत नाही, कुठल्या डबक्यातला ते सांगा. आणि बैरेकरांची सोयरीक परगावच्या राकोवीशी? छे, नाव काढू नका.

हे जरा अतिच सोवळं वाटेल. पण 2010 साली शास्त्रज्ञांनी राकोवीतून दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या, क्रिसानोवी आणि पिएनारी. मोझांबिकमधल्याच क्वेलिमानेकडचे मासे क्रिसानोवीत गेले. राकोवीची गुणसूत्रं 16, क्रिसानोवीची 18. काचेबाहेरून कोण मोजणार? ज्यांनी गाव जपलं होतं त्यांनी फक्त चिठ्ठी बदलली आणि घरबसल्या नव्या जातीचे धनी झाले. ज्यांनी सगळे एकाच टाकीत सोडले होते, त्यांच्याकडे काय पोहतंय ते देव जाणे.

कोकणात आजोळी आम्ही पोरं विहिरीच्या पायरीवर पोटावर पडून पाण्यात बघत असू. अगदी वरच्या थराला बारके मासे स्थिर उभे असायचे, डोक्यावर एक चमकता ठिपका. मुंगी टाकली की टपकन गायब. पंचाने धरायला गेलं की वरून आजी ओरडायची, "ठेव ते खाली, डास खातात मेले!" ते ॲप्लोकायलस, म्हणजे आपल्याकडचे किलीच. पुढे गोव्यात हिवतापाच्या डासांवर ॲप्लोकायलस ब्लॉकी सोडून रीतसर प्रयोग झाले. आजीने निबंध लिहिला नाही, इतकंच.

आमचे ते बारमाही पाण्यातले. मित्राचे हे आफ्रिकन सगळे पावसाळी. डबकं आटायच्या आत वाढायचं, चिखलात अंडी घालायची आणि मरायचं. अंड्यातला जीव वाढ थांबवून कोरड्या महिन्यांत तसाच पडून राहतो. मित्राने खण उघडून पिशव्या दाखवल्या. आत पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, दमट तपकिरी माती, वर तारीख आणि गाव. मुठीत दाबली तर पाणी टपकता कामा नये, अशी. उजेडात धरल्यावर मोहरीहून बारीक, काचेसारखं एक अंडं दिसलं आणि आत दोन डोळे. डोळे दिसले म्हणजे पिल्लू तयार. गार पाणी ओतलं की काही तासांत टाकीभर पोरं. असली माती पाकिटात घालून पोस्टाने धाडतातसुद्धा.

दुकानदार मात्र सहसा या माशांना हात लावत नाहीत. काही महिन्यांत मरणारा मासा विकून भांडण कोण ओढवून घेणार?

आणि गंमत बघा. राकोवीचाच भाऊबंद, झिंबाब्वेच्या गोनारेझोऊतला नोथोब्रँकियस फुर्झेरी 1970च्या सुमारास पकडला गेला, 1971 साली त्याला नाव मिळालं. मग तीसेक वर्षं तो हौशी लोकांच्या टाक्यांत पिढ्या काढत होता. 2003 साली त्याच्या अल्पायुष्याबद्दल शोधनिबंध आला आणि आज म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत त्याला मोठा मान आहे. मधली तीस वर्षं कुणीतरी तारखा घातलेल्या पिशव्या वेळेवर भिजवत होतं.

केनियातल्या गोंगोनी जंगलातल्या सिल्वाटिकस या किलीला तर अलीकडेच नाव मिळालं, तेही अतिसंकटग्रस्त या शिक्क्यासकट. मी म्हटलं, "ती जात मिळाली तर?"

"मिळाली तरी मी बैराच सांभाळणार. नवीन नाव आलं की सगळे तिकडे धावतात आणि जुन्यांच्या पिशव्या भिजवायच्या राहून जातात."

"आणि तुझ्यानंतर बैरा कोण बघणार?"

तो माझ्याकडेच बघायला लागला. मी घाईघाईने सांगून टाकलं, आमच्याकडे मांजर आहे.