न घेतलेलं हेलिकॉप्टर

दिवाळी संपली की आमच्याकडे डब्याच्या तळाशी चिवड्यातला चुरा आणि चार खोबऱ्याचे काप उरतात. बँकेच्या खात्यातही साधारण तेवढंच उरतं. यंदा भाऊबीजेनंतरच्या रविवारी मी फोनवरचे महिनाभराचे व्यवहार पाहत बसलो होतो. बोट दुखायला लागलं तरी यादी संपेना. महिन्यात १३७ वेळा आम्ही कुणाच्या ना कुणाच्या पुढे फोन धरला होता. त्यात मोठे म्हणावेत असे खर्च चार-पाचच. बाकी वीस, पस्तीस, साठ, एकशे दहा. लिंबं, रिक्षा, भेळ, खोडरबर, पुन्हा भेळ.

आई शेजारी वाती वळत होती. न बघताच म्हणाली, "अरे, आमच्या वेळी शंभराची नोट मोडायला जीव धजत नसे. मोडली की गेली. तुमच्या त्या फोनमध्ये मोडण्यासारखं काही नाहीच, मग जीव कशाचा धजायचा राहील?"

आईला हे बोलायचा अधिकार आहे. बाबांचा पगार झाला की ती तो पाकिटांत वाटून टाकायची. दूध, वाणी, फी, भिशी, आणि एका पाकिटावर काहीच लिहिलेलं नसायचं. त्या कोऱ्या पाकिटाचं पुढे काय व्हायचं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१६च्या नोव्हेंबरात नोटाबंदी जाहीर झाली, त्या रात्री आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि हिंग ठेवायचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत पाचशेच्या एकोणीस नोटा. मी त्या घेऊन बँकेच्या रांगेत उभा राहिलो तर पुढचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "आमटी केलीय का कुणी?"

तर काटकसर करायची असं ठरलं. पण बायकोने आधीच बजावलं, "बजेट हा शब्द काढायचा नाही. बजेट म्हटलं की या घरात लगेच एक अर्थमंत्री आणि तीन विरोधी पक्ष तयार होतात." ते खरंच आहे. मागे मी एकदा खर्चाची वही घातली होती. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षर, दुसऱ्या पानावर भेंडीचा भाव आणि त्यापुढे वही कोरी. शेवटी तिच्यावर लेकीने फुली-गोळा खेळून संपवली.

म्हणून तिनेच खेळ काढला. काही घ्यावंसं वाटलं आणि मोह आवरला, की त्याची चिठ्ठी लिहायची. वस्तू आणि किंमत. चिठ्ठी त्या हिंगाच्या डब्यात टाकायची. महिनाअखेर डबा उघडायचा आणि जे जमेल त्यातून चौघांनी मिळून काहीतरी करायचं.

दुसऱ्याच दिवशी लेकीने, वय वर्षं नऊ, तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, पार्किंगमधल्या विजेच्या मीटरचा ताबा घेतला. त्या मीटरवर एकामागून एक आकडे येत राहतात. त्यातला आपला कोणता हे कळायला 'केडब्ल्यूएच' ही अक्षरं येईपर्यंत थांबावं लागतं. ती शाळेची बस येईपर्यंत रोज टाचा उंच करून तिथे उभी. आकडा कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या खाली, पेन्सिलीने. मग मी तिला गणित घालून दिलं: आपला गिझर २००० वॅटचा, म्हणजे अर्धा तास चालला की एक युनिट. पस्तावलो. तिने बाथरूमच्या दारावर वेळापत्रकच चिकटवलं. सहा वाजता आजी, सहा-बारा आई, सहा-चोवीस बाबा. मध्ये गिझर थंड होऊ द्यायचा नाही. माझी गाडी लेट झाली की बाहेरून घोषणा, "यात्रीगण कृपया ध्यान दें!" केस पुसायच्या आत मी बाहेर. पण महिन्याचं बिल २१२ युनिटांवरून १८३ वर आलं, हे कबूल केलं पाहिजे. शंभराच्या पुढच्या युनिटांना दर चढा असतो, त्यामुळे कमी झाली ती सगळी महागातलीच.

स्वयंपाकघरात मात्र काटकसरीची गाडी जरा घसरली. रात्री उरलेल्या पोळ्या टाकायच्या नाहीत, सकाळी त्यांचा कुस्करा करायचा, असं ठरलं. आमच्याकडे त्याला मनोहर म्हणतात. पोळ्या हाताने चुरायच्या, मिक्सर लावला की त्याचा रवा होतो आणि खाताना घशाला बसतो. काही तुकडे मोठे राहिले पाहिजेत, ते कढईत कडेला लागून कुरकुरीत होतात. मोहरी, हिरवी मिरची, कढीलिंब, भरपूर कांदा, हळद, चवीला साखर, आणि झाकण ठेवण्याआधी ताकाचा हबका. इथवर ठीक होतं. मग बायको म्हणाली, थोडे दाणे पण घालू. आई म्हणाली, वरून ओलं खोबरं हवं. मी शेव आणली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, पण ताटल्या अशा चाटूनपुसून गेल्या की तिसऱ्या दिवशी रात्री आई कणीक जास्तच भिजवताना दिसली. विचारलं तर म्हणाली, "सकाळी शिळ्या नकोत का?" शिळ्या करण्यासाठी ताज्या पोळ्या लाटणारं पंचक्रोशीत आमचं एकच घर असावं.

महिनाअखेरच्या शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर डबा उघडला. घरभर हिंग. बायको चिठ्ठ्या वाचत होती, मी फोनवर बेरीज करत होतो. रिक्षाऐवजी चालत, साठ. मॉलमध्ये नुसतं फिरलो, शून्य (ही आईची). भजी, चाळीस. भजी, चाळीस. मग लेकीच्या अक्षरात, ओळ तिरकी होत गेलेली:

हेलिकॉप्टर घेतलं नाही. १ कोटी.

"हे काय?"

"मला घ्यावंसं वाटलं होतं. मग मी मोह आवरला."

आईने चष्मा कपाळावर चढवला. "अगं, जे घ्यायचंच नव्हतं, ते घेतलं नाही म्हणून पैसे कसे वाचतील?"

लेक काही बोलली नाही. तिने ढिगातून एक चिठ्ठी उचलून आजीच्या हातात दिली. अक्षर आमच्या अर्थमंत्र्यांचं. 'साडी, मूळ किंमत ४२००, सेलमध्ये २६००. वाचले १६००.'

"आईला साडी घ्यायची होती का?"

पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. मी आकडे तपासण्यात एकदम गढून गेलो. साड्यांच्या सेलचं सगळं दुकान ज्या गणितावर चालतं, त्याचा पाया पोरीने एका हेलिकॉप्टरने हलवला होता. आणि दुकानाचंच कशाला? ज्याला आपण 'वाचले' म्हणतो, त्यात कितीदा काही वाचलेलं असतं? दोनावर एक फुकट म्हणून तीन शाम्पू आणायचे आणि फुकटातल्या तिसऱ्याचा आनंद न्हाणीघरात महिनाभर साजरा करायचा, हे मीही करतोच.

ढिगाची बेरीज एक कोटी नऊ हजार चारशे वीस झाली. हेलिकॉप्टर वजा केलं. साडीही, बऱ्याच चर्चेनंतर, वजा झाली. उरले ७८२०. पण गेल्या महिन्याच्या खर्चाशी ताडून पाहिलं तर खर्च कमी झाला होता पाच हजारांनी. मधल्या अठ्ठावीसशेंचा पत्ता लागेना.

"भजी," बायको म्हणाली.

"भजीचं काय?"

"चौदा चिठ्ठ्या आहेत भजीच्या. इतर वेळी तुम्ही महिन्यात तीनदा खाता."

चौदा चाळीस पाचशे साठ. म्हणजे सगळा दोष माझ्या भज्यांचा नव्हता, हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं. पण त्यातली एक चिठ्ठी भजीवाल्याची गाडी बंद होती त्या दिवशीची होती, हे आज इथे पहिल्यांदाच सांगतोय.

पाच हजारांत काय करायचं यावर फार वाद झाला नाही, कारण आईने परस्पर ठरवून टाकलं होतं: एसटीने वाई. या प्रवासाचा हिशेब मला अजून सुखावतो आणि खुपतोही. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, आई शहात्तरची. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पाच ते बारा वयाच्या पोरांना तर किती वर्षांपासून अर्धं. कंडक्टरने आईचं आधार कार्ड पाहिलं, दोन अर्धी फाडली आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघत म्हणाला, "तुम्ही एकटेच फुल."

खंबाटकी चढून, सुरूर फाट्याला वळून वाईला उतरलो. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, तिथून रिक्षाने मेणवली. कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर बसून आईच्या दशम्या आणि दाण्याची चटणी. पाणी घरचं, बसायला चादर घरची. तिथल्या देवळापाशी एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या स्वारीतली. लेक तिच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे हीसुद्धा विकत नाही आणली?"

वर नाना फडणवीसांचा वाडा. आई दारातून आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. जाऊन पाहिलं तर चौकात एका लाकडी खांबाला हात लावून उभी होती. लहानपणीच्या त्यांच्या वाड्याला असेच खांब होते म्हणे. तो वाडा भावाभावांत वाटण्या होऊन गेला, त्याला पन्नास वर्षं झाली. मी काही बोललो नाही.

परतताना वाईच्या बाजारात मात्र तिने दोन किलो हळद घेतली. आमच्या घरी ती तीन वर्षं पुरेल. हळद मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली आणि लेकीकडून वहीचं पान आणि पेन्सिल मागून घेतली. गचके बसत होते, तरी सावकाश लिहीत होती. स्वारगेट येईपर्यंत घडी केलेला कागद मुठीतच होता.

घरी आल्यावर तिने तो डब्यात टाकला. पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत चिठ्ठ्या उघडायच्या नाहीत असा नियम आहे. मी रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा मोडला.

'मेणवलीचा वाडा घेतला नाही. भाव विचारायचा राहिला.'