सिरस म्हणजे बट

परवा सकाळी रायबंदरला फेरीबोटीची वाट बघत उभे होतो, मी आणि माझी नववीतली भाची. मांडवीवर धुकं होतं आणि त्याचे पुंजके पाण्यावरून विरत विरत चोडणच्या खारफुटीकडे सरकत होते. ती एकदम म्हणाली, "मावशी, बघ, सिरस!" म्हटलं ते नव्हे गो, मान वर कर.

वर आभाळात सिरसचे ढग खरेच होते. पिंजलेला कापूस कुणीतरी एका बाजूने ओढून सोडून द्यावा तसे, पुढच्या टोकाला आकडीसारखा बाक आणि मागे लांबच लांब धागे.

विरळ, पांढरं, धाग्याधाग्याचं काहीही दिसलं की सिरस म्हणायची सवय झालीय आणि तिथेच गडबड होते. हवामानशास्त्रात नुसता आकार पुरत नाही, उंचीही लागते. आपल्याकडे उष्ण कटिबंधात हे ढग साधारण ६ ते १८ किलोमीटरवर असतात आणि ते बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात, नदीवरचं धुकं म्हणजे पाण्याचे थेंब. ती आकडी आणि शेपूट कशी होते तर वरून स्फटिक पडायला लागतात, खालचं वारं बहुतेक वेळा वरच्यापेक्षा मंद असतं म्हणून ते मागे रेंगाळतात, आणि जमिनीपर्यंत येण्याआधीच हवेत जिरून जातात. म्हणजे आपण बघतो तो पाऊसच असतो एका अर्थी, बर्फाचा, वाटेतच संपलेला. मला हे कळलं तेव्हापासून आभाळाकडे बघायची पद्धतच बदलली.

हेच ढग पातळ चादरीसारखे पसरले की सिरोस्ट्रॅटस. चंद्राला मोठं खळं पडतं ते त्यांच्यामुळे. हात लांब करून अंगठा चंद्रावर ठेवा, बोटं ताणा, करंगळीच्या आसपास खळ्याची कड येते.

ढगांना ही नावं दिली ल्यूक हॉवर्डने, लंडनचा औषधं बनवणारा माणूस, १८०२ साली. क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रॅटस म्हणजे थर आणि सिरस म्हणजे लॅटिनमध्ये केसांची कुरळी बट. मराठीत आपण तंतुमेघ म्हणतो, हिंदीत पक्षाभ. तंतुमेघ चुकीचा नाही पण त्यात तो बाक येत नाही, धागा सरळसुद्धा असतो ना. संस्कृतातला अलक तंतोतंत बसतो आणि आपल्या घरातला बट तर त्याहून जवळचा.

बट का म्हणायचं ते जेटीच्या खांबावर जास्त पटतं. सुकतीला खांबांवर जे पांढरे खरखरीत कवचाचे दाणे दिसतात, पाय घासला तर रक्त काढतात, ते बार्नकल. त्यांच्या पायांनाही शास्त्रात सिरसच म्हणतात, अनेकवचनी सिराय. अख्ख्या गटाचं नाव सिरिपेडिया, म्हणजे बटांसारखे पाय असलेले. डार्विनने १८४६ पासून आठ वर्षं यांच्यावर घालवली. इथे उंचीची किंवा बर्फाची काही अट नाही, फक्त रूप, बारीक केसाळ आणि वळलेलं. एकच शब्द, पण कोण वापरतंय ते बघून अर्थ घ्यावा लागतो.

चोडणला उतरल्यावर भाचीने काठावरचा एक शिंपला उचलला, त्यावर चार-पाच बार्नकल होते. डब्याच्या झाकणात नदीचं पाणी घेऊन त्यात ठेवला आणि आम्ही गप्प बसलो. बराच वेळ काही नाही. मग एकाच्या टोकावरची फट उघडली आणि आतून तपकिरी पिसासारखं काहीतरी बाहेर आलं, पसरलं, मूठ मिटावी तसं वळून आत गेलं, परत आलं. पायांच्या सहा जोड्या, पाण्यातून खाणं गाळत. मग दुसरा, तिसरा. भाची आणखी खाली वाकली, तिच्या कानामागची बट सुटून झाकणावर सावली पडली आणि सगळे एका क्षणात मिटले.